सहा पेठा, छत्तीस फोटो आणि नोर्माचे गुडघे

३ एप्रिल

आज घरात भांडण झालं म्हणून ही वही काढली. भांडणात मला वेळेवर उत्तरं सुचत नाहीत. ती दोन तासांनी सुचतात, आणि तोवर नोर्मा झोपलेली असते. निदान इथे तरी शेवटचा शब्द माझा.

विषय जुनाच, मेस्त्रे. आमची देबोरा लग्न झाल्यापासून तिकडे राहते, पुलापलीकडे, जमिनीवर. तिच्याच इमारतीत पहिल्या मजल्यावरचं घर रिकामं होतंय. लिफ्ट आहे, रस्ता सपाट आहे, दारात बस थांबते. मालकाला तीस तारखेपर्यंत उत्तर हवंय. नोर्मा म्हणते, जाऊ या, कारण तिचे गुडघे गेलेत. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, पायऱ्या अठ्ठावन्न, आणि खाली उतरलं की डावीकडे पूल, उजवीकडेही पूल. ऑक्टोबरात मला शिंपले बाधले होते, त्याच आठवड्यात हिचे गुडघे धरले. तेव्हापासून ती माझ्याबरोबर कुठेही आलेली नाही.

मी म्हणालो, "अडतीस वर्षं मी या व्हेनिसमध्ये पत्रं वाटली. रोज साठ पूल, खांद्यावर पिशवी. आता मी बसच्या गावात जाऊन राहू? तिथे माणसं मोटारीखाली येऊन मरतात."

"आणि इथे?"

"इथे कुणी मरत नाही. मेस्त्रेला जातात."

हे मात्र वेळेवर सुचलं. नोर्मा हसली नाही. "माझे गुडघे, एर्मान्नो," एवढंच म्हणाली आणि कांदा चिरायला लागली.

७ एप्रिल

माझ्या फोटोंच्या छंदाबद्दल लिहायला हवं. उद्या मी नामवंत झालो तर लोक विचारतील, सुरुवात कशी झाली.

सुरुवात जानेवारीत झाली, अचानक. जावयाचा जुना कॅमेरा कपाटात पडून होता. फोटोच्या कोपऱ्यात तो वेळही छापतो. एका सकाळी तो गळ्यात घालून निघालो आणि पहिल्याच पुलाच्या माथ्यावर उभा राहिलो. आता व्हेनिसचा माणूस पुलावर थांबत नाही. उजवीकडून चढायचं, उजवीकडून उतरायचं, मधे रेंगाळायचं नाही. रेंगाळतात ते पाहुणे. पत्रं वाटताना मी "जरा सरका" हे नऊ भाषांत म्हणायला शिकलो होतो, त्यातल्या सहांत शिवीसकट. पण हातात कॅमेरा असला की गोष्ट वेगळी. उजेड माथ्यावरच चांगला असतो. एका फोटोला मला चार-पाच मिनिटं लागतात. घाई करतो तो कलावंत नव्हेच.

कलेमुळे माणूस मृदू होतो हेही खरं. दुसऱ्या मजल्यावर एल्विराबाई एकट्या राहतात. त्यांच्या दाराशी जिरेनियमच्या तीन कुंड्या आहेत. वर जाताना मी प्रत्येक वेळी तिथे थांबून पाणी घालतो. आज त्यांनी दार उघडलं आणि म्हणाल्या, "एर्मान्नो, दिवसातून चार वेळा पाणी घालतोस, मुळं कुजली रे त्यांची."

"ऊन फार आहे," मी म्हणालो.

"जिन्यात?"

बायकांशी बोलण्यात अर्थ नाही.

११ एप्रिल

आज प्रीमोच्या गुत्त्यावर कागद चिकटवलेला दिसला. आपल्या पेठेच्या फोटो मंडळाची स्पर्धा, रविवार बावीस तारखेला. एका दिवसात, सूर्योदय ते सूर्यास्त, सगळं शहर पायी फिरून टिपायचं. सहाही पेठा झाल्या पाहिजेत. बोटीत पाऊल टाकायचं नाही. फोटो छत्तीसच, काढले त्याच क्रमाने द्यायचे, एकही पुसायचा नाही.

मित्रमंडळींनी माझ्या पाठीवर थापा मारल्या. प्रीमो म्हणाला, "भाग घे बाबा, तुझं शेवटचंच वर्ष. बायकोच्या गुडघ्यांपायी शहर सोडावं लागतंय बिचाऱ्याला!" असं म्हणून त्याने माझा ग्लास भरला. हल्ली माझा ग्लास कुणी ना कुणी भरतंच. मी उसासा टाकला आणि प्यायलो.

नाने तेवढा गप्प होता. नाने माझ्याबरोबर टपालात होता, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. नंतर मला बाजूला घेऊन म्हणाला, "गेल्या शुक्रवारी मला नोर्मा रियाल्तोला दिसली. मासळीबाजारात."

"चष्मा बदल," मी म्हणालो. "नोर्मा जिना उतरत नाही आणि रियाल्तोला जाईल?"

"कोळ्याशी भांडत होती. बोंब माझ्या कानापर्यंत आली."

"मग कानही तपास."

घरी येऊन नोर्मापुढे पैज मांडली. मी एका दिवसात सहाही पेठा पायी केल्या आणि जेवायला घरी आलो, तर मेस्त्रे हा शब्द या घरात पुन्हा निघायचा नाही. नाही जमलं तर मालकाच्या कागदावर मी स्वतः सही करीन.

तिने माझ्या शर्टाचं वरचं बटण लावलं. माझं शहरावरचं प्रेम पाहून गहिवरली असावी. मग म्हणाली, "नको जाऊस."

"घाबरलीस?"

"हो," ती म्हणाली.

हरण्याची भीती इतक्या सरळ कबूल करणारी बायको मी दुसरी पाहिली नाही. शेवटी पैज लागली. तिची एकच अट, प्रत्येक पेठेतून फोन करायचा.

१८ एप्रिल

जेवायला सांत एराझ्मो बेटावरचे कोवळे आर्टिचोक होते. या मोसमातले पहिले, आणि ते फक्त रियाल्तोच्या बाजारातच मिळतात. "कुणी आणले?" म्हटलं. "एल्विराने," नोर्मा म्हणाली. एल्विराबाई ब्याऐंशीच्या आहेत. बाईची कमाल आहे. नोर्माला म्हटलं, त्यांच्याकडून काही शीक.

नोर्माने माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या ताटातले दोन आर्टिचोक उचलून स्वतःच्या ताटात घेतले.

सरावाला म्हणून जिना एका दमात चढायचं ठरवलं होतं. पण कुंड्यांकडे पाहून राहवलं नाही.

२२ एप्रिल

झाली! सहाही पेठा झाल्या. आता पाय बादलीत घालून लिहितोय. बाहेर अजून उजेड आहे, नोर्मा डाळ ढवळतेय, आणि मी विजयी वीर आहे.

पहाटे सहा दहाला पहिला फोटो काढला, आमच्याच पुलावरून. सुरुवात दणक्यात झाली. दीड तासात बारा फोटो. इतक्या वेगात मी शहर कधी पाहिलं नव्हतं, म्हणजे पत्रं वाटताना पाहायचो पण तेव्हा पेटीवरचे आकडे पाहायचो. कन्नारेजोत पोचलो तेव्हा ऊन वर आलं होतं. तिथे मी जरा जास्त वेळ घेतला. एका पुलावर मी फोटोसाठी सोळा मिनिटं थांबलो, असं कॅमेऱ्यावरच्या वेळेवरून दिसतं. समोर एक बाई चादर वाळत घालत होती, ती घालून झाली, वाळली, काढली, तरी मी तिथेच. हे अर्थात गमतीने लिहितोय. चादर इतक्यात वाळत नाही.

शहर छोटं आहे हे आज पटलं. स्टेशनसमोरचा उंच पूल चढायच्या आधी कोण भेटावं? नाने! पायथ्याशी घडीची खुर्ची टाकून बसला होता.

"इथे काय करतोस?"

"गाड्या बघतोय," तो म्हणाला. "बस जरा. सँडविच खा."

नानेला गाड्यांचा नाद आहे हे मला चाळीस वर्षांत कळलं नव्हतं. वीस मिनिटं बसलो, त्याला बरं वाटावं म्हणून. मग तो म्हणाला, मलाही पलीकडे जायचंय, आणि पुलावर माझ्या पुढे इतका हळू चढला की मलाही हळू चढावं लागलं. वय झालं त्याचं.

सान पोलोच्या चौकात एल्विराबाई बाकावर बसलेल्या. रविवारी सकाळी, ब्याऐंशीव्या वर्षी, घरापासून इतक्या लांब! हातात पाण्याची बाटली. "घे, पी," म्हणाल्या. "कुंड्यांना घालतोस तसं स्वतःलाही घाल थोडं." आणि आकादेमियाच्या लाकडी पुलाजवळ साक्षात देबोरा. बटणं घ्यायला आली म्हणे. रविवारी बटणांचं दुकान बंद असतं हे या पिढीला माहीत नाही. तिने मला सावलीत बसवलं, कॉफी पाजली, माझं मनगट हातात धरून बसली. लहानपणी अशीच धरायची. मुलगी अजून माझ्यावर इतकी माया करते हे पाहून डोळ्यांत पाणी आलं.

"बाबा, बोटीने जाल का आता?"

"नियमात नाही."

"नियम गेला खड्ड्यात!"

हिला मेस्त्रेचं पाणी लागलं. आमच्याकडे खड्डे नसतात.

आकादेमियाचा पूल मला फार आवडला. माथ्यावर पस्तीस मिनिटं थांबलो. मागून एक बाई "जरा सरका हो, हा काय तुमचा दिवाणखाना आहे?" असं अस्सल व्हेनिसच्या बोलीत ओरडली. मी तिला कॅमेरा दाखवला.

सान मार्कोहून पाण्याकाठच्या धक्क्याने घरी आलो. त्या भागाचं फार लिहिण्यासारखं नाही. पाय सुजलेत.

२३ एप्रिल

दिवसभर झोपून. नोर्मा तीनदा येऊन माझ्या नाकाशी हात धरून गेली. तिला वाटलं मी झोपलोय. माझा श्वास मोजणारी ही बाई पैज हरल्याने बिथरलीय.

तिने मेस्त्रेबद्दल एक अक्षर काढलेलं नाही. शब्दाला जागणारी आहे. जिंकल्यावर जितका आनंद व्हायला हवा तितका मला होत नाहीये. कागदावरही लिहायला नको वाटतं अशी एक गोष्ट त्या दिवशी झाली. नाहीच लिहीत.

२६ एप्रिल

दुसरं बक्षीस! एक अख्खं सॉसेज, हाताएवढं.

चर्चच्या मागच्या दालनात सगळ्यांचे फोटो क्रमाने टांगले होते. परीक्षक पादुआचे प्राध्यापक होते, दाढीवाले. माझ्या फोटोंपुढे ते थांबले ते थांबलेच. म्हणाले, "श्री. बुझेत्तोंचं शहर हे पुलांच्या माथ्यावरून दिसणारं शहर आहे. छत्तीसपैकी एकतीस फोटो पुलाच्या माथ्यावरून! यात चिकाटी आहे, थांबण्याचं एक तत्त्वज्ञान आहे. आणि दिवस चढतो तसतसे दोन फोटोंमधले काळ लांबत जातात, जणू चित्रकार शहरात विरघळतोय. आणि हा पस्तिसावा! अचानक पाण्याच्या पातळीवरून. काय हे धाडस!"

टाळ्या पडल्या. मी मान लववली. मला यातलं काहीही ठाऊक नव्हतं, पण आपल्यात तत्त्वज्ञान आहे म्हटल्यावर नाही कोण म्हणेल? सँडविच खाताना काढलेला नानेच्या बुटाचा फोटो हा "श्रमिकांना मुजरा" निघाला. प्रीमो गहिवरून म्हणाला, "आणि असा कलावंत बायकोच्या गुडघ्यांपायी मेस्त्रेला जाणार होता!" मीही मान हलवली. ती मान आता इथे लिहिताना जड वाटते, पण तेव्हा हलवली.

नोर्मा अर्थात आली नव्हती. मधे चार पूल आहेत.

२७ एप्रिल

आज लिहायला हात धजत नाही, पण शेवटचा शब्द माझा म्हणून वही काढली होती, तेव्हा लिहिलंच पाहिजे.

सकाळी नोर्माने स्वयंपाकघरातल्या टेबलावर सगळे फोटो मांडले, चार ओळींत. चष्मा लावला आणि पत्ते लावावेत तशी बोटाने एकेक मोजत गेली. मी बाजूला कौतुकाची वाट पाहत उभा.

"हा आपला पूल, सहा दहा. हा पुढचा, सहा अठरा. पुढचा साडेसहा," ती म्हणाली. "हा दहाचा. त्यानंतर एकदम दहा पंचवीस. मग दहा पन्नास. इथे तर पाऊण तास."

"काल प्राध्यापक म्हणाले की माझं थांबणं—"

"प्राध्यापक तुझ्याबरोबर अठ्ठावन्न पायऱ्या चढलेत का?" तिने चष्मा काढला. "हे छत्तीस फोटो नाहीत रे. छत्तीसदा तुला दम लागला."

मी म्हणालो, काहीतरीच काय, उजेड माथ्यावर चांगला असतो.

"नाचता येईना अंगण वाकडं. आणि हा पस्तिसावा कुठल्या पुलावरून काढलास? पाण्याच्या मधोमध उभा होतास?"

तेव्हा मी सांगितलं. धक्क्यावरचे पूल समोर एकापुढे एक दिसत होते, छोटेसेच, पत्रं वाटताना मी ते पूल आहेत हेसुद्धा विसरायचो. पहिल्याच्या पायरीवर पाऊल टाकलं आणि दुसरं उचलेना. छातीवर जणू कुणी पोतं ठेवलं होतं. समोर बोट लागली होती. चढलो. एकच थांबा.

"म्हणजे पैज हरलास."

त्यावर मी काय केलं ते लिहायला लाज वाटते. मी ओरडलो. म्हणालो, मला शिकवू नकोस, मी निदान फिरतो तरी, तू सात महिने खुर्चीला चिकटून बसलीस, तुझ्या गुडघ्यांपायी सगळं गाव मला बिचारा म्हणतं.

नोर्माने कॉफीचं भांडं गॅसवर ठेवलं. दाराआडचे बूट घातले, खाली वाकून, नाड्या बांधून, कुठेही न धरता. आणि दार उघडून गेली. मी खिडकीशी धावलो. ती खाली दिसली. उजवा पूल चढली, माथ्यावर थांबली नाही, उतरली, बेकरीत शिरली. पाव घेऊन बाहेर आली. पुन्हा पूल. मग जिन्यात पावलं वाजली, एकसारखी, एकदाही न अडखळता. ती आत आली तेव्हा कॉफी नुकती वर येत होती.

तिचा श्वास ऐकू यावा म्हणून मी कान दिले. ऐकू आला नाही.

"म्हणजे नानेने..." मी म्हणालो.

"नानेचा चष्मा चांगला आहे."

"आणि आर्टिचोक?"

"माझेच."

मी खाली बसलो. "का पण?"

"ऑक्टोबरात तीन कमानींच्या पुलावर तुझे ओठ निळे पडले होते. मला म्हणालास, शिंपले बाधले. त्या दिवशी आपण शिंपले खाल्लेच नव्हते, एर्मान्नो." ती पाव कापत होती, माझ्याकडे बघत नव्हती. "डॉक्टरकडे चल म्हटलं तर तू पुढचे दोन पूल पळत चढून दाखवलेस. मी बरोबर असले की तू पळतोस. म्हणून यायचं सोडलं. आणि तुझ्या छातीपायी तू हे घर कधी सोडलं नसतंस. माझ्या गुडघ्यांपायी सोडशील असं वाटलं."

"मला सांगायचंस तरी."

"काय केलं असतंस?"

मी प्रामाणिकपणे विचार केला. "आणखी एक पूल पळत चढलो असतो."

"मग?"

तिने माझ्यापुढे कॉफी ठेवली. मग तिला रडू फुटलं. "सात महिने मी चोरासारखी बाजारात जातेय. एकटी. तुझ्याबरोबर रविवारी फिरायला जायचं मला काय कमी आवडायचं?"

सदतीस वर्षांच्या संसारात नोर्मा माझ्यासमोर चारदा रडली असेल. मला तिचा खूप राग आला आणि तिच्यावर इतकं प्रेम दाटून आलं की दोन्ही एकदम सोसेनात. मी देबोराला फोन लावला. म्हटलं, मालकाला कळव, आम्ही येतोय. आणि छातीच्या डॉक्टरची वेळ घे. मग ती म्हणाली, "बुधवारी दहाची घेऊन ठेवलीय बाबा. तीन आठवड्यांपूर्वीच."

२८ एप्रिल

आज नोर्मा आणि मी मासळीबाजारात गेलो. कॅमेरा घरी ठेवला. रियाल्तो लांब पडतं, पण वेळच वेळ होता, मंगळवारपर्यंत बाजारच नाही म्हणून आजच जायचं असं ती म्हणाली.

पहिल्या पुलावर तिने माझा दंड धरला. माथ्यावर पोचल्यावर मी थांबलो. हातात काहीच नव्हतं, त्यामुळे काय करावं सुचेना. नुसता उभा राहिलो. माणसं मागून येत होती, बाजूने जात होती. कान तापले माझे. पाहुणा वाटत होतो. नोर्मा शांतपणे पाण्याकडे बघत होती. मग निघालो.

पुढच्या पुलाच्या पायथ्याशी प्रीमोचा गुत्ता. तो दारात पिंपावर ग्लास मांडत होता, भोवती नेहमीची चार टाळकी, नानेही. आम्हाला बघून प्रीमोने हात पसरले.

"अरे वा! घेऊन निघालास बायकोला? शाब्बास! सांभाळून हो, गुडघे आहेत तिचे!"

नोर्माने माझा दंड दाबला. असू दे, असा तो दाब होता. सात महिने ती हे ऐकत आली होती, आणखी एकदा ऐकायला तयार होती.

मी पुलाच्या तिसऱ्या पायरीवर होतो आणि श्वास पुरत नव्हता. म्हणून वाक्य तुकड्या-तुकड्यांत आलं, पण चौकाला ऐकू गेलं. "तिचे गुडघे ठणठणीत आहेत, प्रीमो. दम मला लागतो. मी तिला नाही, तीच मला घेऊन निघालीय."

नाने पिंपाकडे बघत राहिला. प्रीमोच्या हातातला ग्लास भरायचा तसाच राहिला.

"ओरडतोस काय," नोर्मा पुटपुटली. "सगळं गाव ऐकतंय." तिचं तोंड लाल झालं होतं. मग तिने दंड सोडून माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, "चल. सावकाश. मासे कुठे पळून जात नाहीत."